उकिरड्याची दैना : कचरा जाळून वीज, आणि आपले बडोदे

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री शहरात शिरली. समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर, जिथे जिथे पाणी चढले, तिथे ते ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला भिजलेल्या गाद्या, फुगलेले प्लायवूडचे कपाट, पोथ्या, सोफे आणि फ्रीज यांचे ढीग लागले होते. पुढे दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, अहमदाबादला पिपळज येथे कचरा जाळून वीज करणारे केंद्र सुरू झाले. रोज १००० टन कचरा आणि १५ मेगावॅट वीज, असा त्याचा हिशोब वर्तमानपत्रांत आला. मग आपल्या मंडळाच्या बैठकीत प्रश्न निघाला नसता तरच नवल. एका ज्येष्ठ सभासदांनी मला थेटच विचारले, “तुम्ही बॉयलरवाले. सांगा, जे अहमदाबादला जमले ते बडोद्याला आजवर का नाही जमले? युरोपात तर शंभर वर्षांपूर्वीच करत होते म्हणतात.”

शंभर नाही, सव्वाशे. पण “का नाही जमले” याचे उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून हा लेख. आपल्या मंडळात राजवाडे, तलाव, वाव आणि दरवाजे यांवर भरपूर लिहिले गेले आहे. आजव्याचे पाणी शहरात कसे आले, सयाजीराव महाराजांनी आणि जगन्नाथ सदाशिव या इंजिनियरने ते काम कसे तडीस नेले, हे आपल्याला तोंडपाठ आहे. शहरात काय आले याचा इतिहास आपण लिहितो. शहरातून काय बाहेर गेले, कुठे गेले आणि कोणी वाहून नेले, हा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही.

धुळीतून उजेड

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. १८७४ साली नॉटिंगहॅम शहरात मॅनलव्ह, अ‍ॅलियट कंपनीने आल्फ्रेड फ्रायर याच्या आराखड्याप्रमाणे कचरा जाळण्याची पहिली पद्धतशीर भट्टी उभारली. तिला ‘डिस्ट्रक्टर’ म्हणत. कचऱ्याचा नाश करायचा, एवढाच तिचा उद्देश. भट्टीच्या धुराड्यातून जी उष्णता जाते तिच्यावर वाफ का करू नये, हा विचार ओघाने आलाच, आणि वाफ म्हटली की पुढे इंजिन, डायनॅमो आणि दिवा.

२८ जून १८९७ रोजी लंडनच्या शोरडिच भागात या विचाराचे पुरे रूप उभे राहिले. एकाच आवारात कचऱ्याच्या भट्ट्या आणि वीजघर. उद्घाटनाला आले होते लॉर्ड केल्व्हिन, ज्यांच्या नावाचे तापमानाचे एकक आपण कॉलेजात घोकले तेच. शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहालाही याच केंद्रातून उष्णता पुरवायची योजना होती. इमारतीवर लॅटिन भाषेत एक ब्रीद कोरले होते, त्याचा अर्थ ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’. ती इमारत आजही उभी आहे. तिथे आता सर्कशीच्या कलांचे शिक्षण देणारी संस्था चालते.

पण ‘धुळीतून’ हा शब्द जरा नीट वाचा. त्या काळच्या लंडनकराच्या कचऱ्याच्या डब्याला ‘धुळीचा डबा’च म्हणत. घराघरात शेगडीत दगडी कोळसा जळे. डब्यात जायची ती मुख्यतः त्याची राख आणि अर्धवट जळलेले कोळशाचे खडे. म्हणजे शोरडिचच्या भट्टीत कचऱ्याच्या नावाने जे पडे, त्यात चांगला इंधनाचा अंश असायचा. कोळसा घरात एकदा जळला आणि उरलेला सरकारी भट्टीत पुन्हा जळला, असा तो मामला होता. हॅम्बुर्गला १८९२ ची कॉलऱ्याची साथ झाल्यावर आसपासची गावे शहराचा कचरा घेईनात, तेव्हा तिथेही अशी भट्टी उभी राहिली. १९०३ साली डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबर्गला. थंड देश, जळाऊ कचरा, आणि निघालेल्या उष्णतेला हिवाळ्यात घरोघर गिऱ्हाईक. तिथे हे तंत्र रुजले याची कारणे अशी साधी आहेत.

आपल्या डब्यात काय होते?

आता त्याच्याशेजारी आपला डबा ठेवून पाहू. १८९७ चा नको, माझ्या लहानपणचा, १९७० च्या दशकातला दांडिया बाजारातला ठेवू. आमच्या वाड्यात चुलीची राख भांडी घासायला लागे. घासायला नारळाची शेंडी. भाजीची देठे आणि साली दारात येणाऱ्या गाईला. वर्तमानपत्रे पस्तीवाल्याला (पुण्याचे पाहुणे त्याला रद्दीवाला म्हणत, आम्ही हसायचो). जुने कपडे बोहारणीला, बदल्यात एखादे पातेले, आणि त्यावरून आजीची आणि तिची तासभर घासाघीस. बाटल्या आणि डबे भंगारवाल्याला. एवढ्यांचे वाटे काढून झाल्यावर म्युनिसिपालिटीच्या कुंडीत काय जाई? केरातली माती, चहाचा चोथा, उष्टे खरकटे, पत्रावळी. पावसाळ्यात वरून पाणी.

म्हणजे जे जळण्यासारखे होते त्याला आधीच कोणीतरी मालक होता. उरायचे ते न जळणारे. हे गरिबीमुळे होते की शहाणपणामुळे, यावर वाद घालता येईल, पण भट्टीच्या दृष्टीने निकाल एकच.

बॉयलरवाल्याचा हिशोब

इथे थोडे आकडे सहन करा. वाळलेला काडीकचरा, लाकूड, पाला यांचा किलोमागे उष्मांक साधारण ४००० किलोकॅलरी धरू. आता एक किलो भाजीची साले घ्या. त्यात पाऊण किलो पाणीच असते. कोरडा भाग पाव किलो, त्याची उष्णता झाली १०००. पण आधी ते ७५० ग्रॅम पाणी वाफ होऊन उडायला हवे. एक किलो पाणी तापवून उडवायला ६०० किलोकॅलरीच्या वर लागतात, म्हणजे इथे सुमारे ४५० खर्च झाल्या. हातात उरल्या ५५०. त्यात केरातली माती मिसळली की आणखी कमी. भट्टी बाहेरच्या मदतीशिवाय स्वतःच्या आगीवर धगधगत राहायला किलोमागे १५०० ते १७०० किलोकॅलरी हव्यात, असा जगभरचा अनुभव आहे. कमी पडल्या तर तेल ओतत बसायचे. मग वीज कचऱ्याची की तेलाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बडोद्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही बॉयलरला कपाशीच्या पऱ्हाट्या (इकडे त्यांना करांठी म्हणतात) जाळायचा प्रयोग केला. उन्हाळ्यात तो इतका सुरेख चालला की मी वरिष्ठांना बचतीचा लांबलचक अहवाल लिहून दिला. जुलैत ढिगावरचे ताडपत्रीचे छप्पर फाटले. ओल्या पऱ्हाट्या भट्टीत गेल्या, आग काळी पडली, वाफेचा दाब उतरला, धुराड्यातून काळाकुट्ट लोट निघाला आणि शेजारच्या गावचे लोक गेटवर आले. दोष पऱ्हाट्यांचा नव्हता. माझा होता. मी इंधनाचा उष्मांक उन्हाळ्यात मोजला आणि अहवाल बारा महिन्यांचा लिहिला.

दिल्लीचे एकवीस दिवस

हीच चूक आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर केली. १९८७ साली दिल्लीला तिमारपूर येथे डेन्मार्कच्या व्होलुंड कंपनीकडून कचरा जाळून वीज करणारे केंद्र उभारले गेले. रोज ३०० टन कचरा, ३.७५ मेगावॅट वीज. आराखडा धरला होता किलोमागे १४६२ किलोकॅलरी उष्मांकाचा. प्रत्यक्षात दिल्लीचा जो कचरा दारात आला त्याचा उष्मांक निघाला ६०० ते ७००. वरचे भाजीच्या सालांचे गणित पुन्हा पाहा, आकडा कुठे येतो ते.

केंद्र एकवीस दिवस चालले. १९९० मध्ये ते कायमचे गुंडाळले.

यंत्र वाईट नव्हते. डेन्मार्कमध्ये तशी यंत्रे चालत होती. पण डेन्मार्कच्या डब्यात बोहारीण, पस्तीवाला आणि गाय यांचा वाटा निघालेला नव्हता. तिमारपूरला यंत्र आणले, डबा मात्र आपलाच राहिला. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला या प्रकरणात सगळ्यात जास्त सलते ते हे, की गल्लीतल्या कोणत्याही सफाई कामगाराला विचारले असते तर त्याने सांगितले असते, “साहेब, हे पेटायचे नाही.” तो रोज पेटवायचा प्रयत्न करत होताच.

त्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरांच्या कचऱ्याबद्दल याचिका केली. तिच्या सुनावण्यांच्या ओघात २००० साली देशाचे घनकचऱ्याचे पहिले नियम आले. दरम्यान कचऱ्यापासून विजेसाठी सरकारी अनुदाने सुरू झाली होती आणि हैदराबाद, विजयवाडा अशा ठिकाणी केंद्रे उभी राहिली होती. त्यांचे प्रत्यक्ष काम काय, असा प्रश्न उठल्यावर २००५ मध्ये न्यायालयाने नव्या प्रकल्पांची अनुदाने तज्ज्ञांचा अहवाल येईपर्यंत थांबवायला लावली.

माटुंग्याचा दुसरा रस्ता

आता पुन्हा १८९७ कडे जाऊ, कारण त्याच वर्षी, लंडनचा तो समारंभ झाला त्याच वर्षी, आपल्या मुंबईत याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर सापडले होते.

माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रयस्थान होते. ते १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने उघडले. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय ते हेच. अ‍ॅकवर्थ हे नाव मराठी वाचकाला वेगळ्याच कारणासाठी ओळखीचे असायला हवे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत त्यांनी १८९१ मध्ये मराठी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि पुढे १८९४ मध्ये त्यांतील काहींचे इंग्रजी रूपांतर. दिवसा गटारे आणि रात्री पोवाडे. असा अधिकारी आज शोधून सापडायचा नाही.

या आश्रमातल्या मैलापाण्याच्या टाकीवर १८९७ मध्ये वायू गोळा करण्याची सोय केली गेली. मैला बंद टाकीत, हवेशिवाय कुजला की जळणारा वायू निघतो. आज त्याला आपण गोबरगॅस किंवा बायोगॅस म्हणतो, मुख्यतः मिथेन. त्या वायूवर माटुंग्याला गॅसचे इंजिन चालवले गेले. जगातल्या या तंत्राच्या इतिहासात हे उदाहरण आरंभीच्या प्रयोगांत धरले जाते. ज्यांना समाजाने गावाबाहेर टाकले त्यांच्या आश्रमात, ज्याला कोणी हात लावणार नाही अशा वस्तूपासून.

शोरडिचला आग, माटुंग्याला कुजवण. कोरड्या कचऱ्यासाठी एक रस्ता, ओल्यासाठी दुसरा. आपला कचरा ओला. म्हणजे आपला रस्ता आपल्याच घरात १८९७ पासून पडून होता.

मराठी माणसांनी तो अगदीच सोडला असेही नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाचा आणि खताचा मेळ घालायचे काम आयुष्यभर केले, तेही हातात खराटा घेऊन. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन देहूला डॉक्टर असलेल्या सुहास मापुसकरांनी संडासाला जोडलेले गॅसचे संयंत्र गावात घरोघर नेले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासाठी ‘निसर्गऋण’ संयंत्र तयार केले.

बडोदे आणि इंदूर

आपल्या शहराला या रस्त्याची चाहूल फार पूर्वी लागली होती. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार बडोद्याला आला आणि १९१६ मध्ये शहराच्या वाढीवर त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्या मंडळातल्या बहुतेकांनी तो चाळला आहे. त्यानंतर तो इंदूरला गेला. होळकरांच्या राजधानीत त्याने दिवाळीला एक मिरवणूक काढली. ती सर्वांत स्वच्छ रस्त्यांवरून जाईल असे आधी जाहीर केले, म्हणून गल्ल्यागल्ल्यांत झाडलोटीची चढाओढ लागली. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि मानाने चालणारे, हार घातलेले सफाई कामगार होते. शहराची घाण बाहेर फेकू नका, तिची बाग करा, हे गेडिसचे सांगणे. १९२४ पासून त्याच इंदुरात आल्बर्ट हॉवर्ड यांनी कुजवलेल्या खताची पद्धत शास्त्रशुद्ध केली. जगात तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे.

आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये इंदूरलाच रोज ५५० टन ओला कचरा कुजवून गाड्यांसाठी गॅस करणारे केंद्र सुरू झाले. हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही, आणि निव्वळ परंपरा आहे असेही म्हणवत नाही. मधली नव्वद वर्षे इंदूरही इतर शहरांसारखेच घाण होते. पण त्या शहराने आधी घराघरात ओले आणि सुके वेगळे करायला लावले, आणि मग यंत्र आणले. क्रम महत्त्वाचा. लखनौला २००३ च्या सुमारास कचऱ्यापासून गॅस आणि त्यापासून ५ मेगावॅट वीज करणारे केंद्र उभे राहिले होते. तिथे मातीमिश्रित, न निवडलेला कचरा आला आणि तेही बंद पडले. म्हणजे कुजवण्याचा रस्ता काही आपोआप पोचवत नाही. जुलैतल्या पऱ्हाट्या आगीला जशा चालत नाहीत, तशी रेती टाकीला चालत नाही.

बडोद्याला या सगळ्यात काय कमी होते? खरं सांगायचं तर काहीच नाही. १८९० चे कलाभवन आपले. १९६० पासून गुजरात विद्युत मंडळाचे मुख्यालय इथेच, रेसकोर्सवर. नानुभाई अमीन यांची ज्योती कंपनी इथली. अपारंपरिक ऊर्जेसाठी राज्याची संस्था, ‘गेडा’, १९७९ मध्ये स्थापन झाली तीही बडोद्यात. विजेविषयी जाणणारी इतकी डोकी एका गावात क्वचित सापडतील. मी स्वतः त्यांतल्या कितीतरी जणांबरोबर चहा प्यायलो आहे. टर्बाइनवर बोलायचो, ट्रान्सफॉर्मरवर बोलायचो. घरचा डबा कोण उचलतो आणि कुठे नेऊन ओततो, यावर बोलल्याचे आठवत नाही. वडसर, जांबुवा ही नावे आम्हाला वासावरून माहीत होती.

आता का जळते?

मग अहमदाबादचे केंद्र कसे चालते? पिंपरी-चिंचवडच्या मोशीला १ ऑगस्ट २०२३ रोजी उद्घाटन झालेले १४ मेगावॅटचे केंद्र? जामनगरचे साडेसात मेगावॅटचे? तिमारपूरला जे पेटत नव्हते ते आता कसे पेटते?

यंत्रे सुधारली, हे एक. पण मुख्य म्हणजे डबा बदलला. गाय दारात येत नाही, बोहारीण दिसत नाही. डब्यात आता दुधाची पिशवी, वेफर्सचे पाकीट, शाम्पूची पुडी, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची वेष्टने, मुलांचे डायपर. यातले बरेचसे कोणी विकत घेत नाही, पण जळते मात्र झकास. प्लास्टिकचा उष्मांक कोळशाहून जास्त आहे, आणि असणारच. ते पेट्रोलियमच तर आहे.

आणि ही गोष्ट बडोदेकराला परक्याने सांगायची गरज नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ ची. शेजारी १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीसीएल. नाफ्था तिकडून यायचा, इकडे प्लास्टिकचा दाणा व्हायचा, दाण्याच्या पिशव्या व्हायच्या. माझ्या पिढीतल्या निम्म्या इंजिनियरांची घरे त्या दाण्यावर उभी राहिली. तोच दाणा पन्नास वर्षांत शहरभर फिरून कचऱ्याच्या डोंगरावर पोचला. तो जाळून वीज केली तर ती तेलाचीच वीज, फक्त मधे एक पिशवी होऊन गेलेली. शोरडिचचा कोळशाचा खडा आणि आपली दुधाची पिशवी, दोघांची जात एकच.

आकडे जुळतात का पाहा. रोज १००० टन कचरा, किलोमागे १५०० किलोकॅलरी. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, त्या हिशोबाने दिवसाला सुमारे साडेसतरा लाख युनिटांची उष्णता. त्यातली २२ टक्के वीज झाली असे धरले तर पावणेचार लाखांवर युनिटे, म्हणजे सतत १६ मेगावॅट. अहमदाबादचा १५ मेगावॅटचा आकडा म्हणजे फेकलेली बढाई नाही. मात्र हे गणित १५०० वर उभे आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांतही हाच आकडा होता. पुन्हा वापरता न येणारा आणि १५०० किलोकॅलरीहून अधिक उष्मांकाचा कचरा जमिनीत पुरायचा नाही, त्यापासून ऊर्जाच करायची, असे ते नियम सांगत होते. त्याच वर्षी गुजरात सरकारने कचऱ्यापासून विजेचे धोरणही जाहीर केले.

दोन प्रश्न, धुराचा आणि हातांचा

म्हणजे बडोद्यालाही भट्टी उभारावी का? बैठकीतल्या त्या सभासदांना हवे असलेले उत्तर इथे येते, आणि मी त्यात थोडा अडखळतो.

पहिला प्रश्न धुराचा. प्लास्टिकमध्ये क्लोरीन असले आणि आग अर्धवट असली की डायॉक्सिन नावाची अतिविषारी द्रव्ये तयार होतात. उपाय माहीत आहे. ८५० अंशांच्या वर धूर निदान दोन सेकंद ठेवायचा, मग झटकन थंड करायचा, चुना आणि सक्रिय कोळसा फवारायचा, कापडी पिशव्यांच्या गाळणीतून काढायचा. हे सगळे रोज, पावसाळ्यातही, रात्रपाळीतही करायचे. माझ्या काळ्या लोटाची आठवण ठेवून सांगतो, बिघाड होतो तो नेमका ओल्या कचऱ्याच्या दिवशी. दिल्लीत ओखल्याच्या भट्टीविरुद्ध शेजारचे रहिवासी वर्षानुवर्षे न्यायालयात गेले, ते काही विकासाचे वैरी नव्हते. शिवाय राख उरतेच. धुरातून पकडलेली राख विषारी, ती सांभाळून पुरायला जागा लागतेच.

दुसरा प्रश्न हातांचा. सुका कचरा हे हजारो कचरावेचकांचे पोट आहे, त्यांत बायका जास्त. पुण्यात त्यांनी १९९३ मध्ये स्वतःची पंचायत उभी केली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. दारातून कचरा घ्यायचे काम त्यांनी हक्काने मिळवले. भट्टीला कागद हवा, पुठ्ठा हवा, प्लास्टिक हवे. वेचणाऱ्या बाईलाही तेच हवे. भट्टीचा करार वीस-पंचवीस वर्षांचा असतो आणि रोजचे टन ठरलेले असतात. त्या बाईचा करार कोणाशीच नसतो. उद्या शहराने कचरा कमी केला तर बाई दुसरे काही शोधेल, पण भट्टी काय खाणार? कचरा कमी होणे हे ज्या यंत्राला परवडत नाही, ते बसवण्यापूर्वी विचार करायला हवा.

माझे मत विचाराल तर असे : ओले आधी वेगळे करा आणि माटुंग्याच्या रस्त्याने कुजवा. विकता येईल ते वेचणाऱ्यांच्या हाती जाऊ द्या. त्यानंतर जे खरोखर कोणालाच नको असे उरेल, तेवढ्यापुरतीच भट्टी बांधा, आणि तिचा उष्मांक जुलै महिन्यात मोजा. वीज थोडी कमी मिळेल. चालेल. बडोद्याला विजेची चणचण म्हणून आपण हे करत नाही, डोंगर नको म्हणून करतो आहोत.

शेवटी मंडळासाठी एक काम

मराठीत म्हण आहे, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी देखील फिटते. म्हण करणाऱ्याच्या डोळ्यासमोर शेताच्या कडेचा उकिरडा होता, ज्याचे शेवटी खत होऊन शेतात जायचे. दैना फिटायची ती त्यामुळे. आपल्या आजच्या ढिगात प्लास्टिक आहे, त्याला बारा वर्षे पुरत नाहीत आणि बाराशेही पुरतील की नाही कोण जाणे.

पुराच्या त्या आठवड्यात माझ्या गल्लीत भिजलेल्या सामानाचा ढीग चार दिवस होता. पाचव्या दिवशी ट्रॅक्टर आला, चार माणसांनी तो फावड्यांनी भरला. त्यातल्या एकाने एक फुगलेले पुस्तक बाजूला काढले, झटकले, उघडून पाहिले आणि माझ्याकडे बघून विचारले, “काका, आ कामनुं छे?” ते आमच्याच घरचे होते, जुनी दैनंदिनी. मी ती वाळवून ठेवली आहे. शहराच्या कचऱ्याचा इतिहास लिहायचा तर तो याच माणसांपासून सुरू करावा लागेल, कारण कुठल्या गल्लीतून काय निघाले आणि कुठे गेले हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. मंडळातल्या ज्यांना शक्य असेल त्यांनी आपापल्या भागातल्या जुन्या सफाई कामगारांशी बोलून, त्यांच्या संमतीने, आठवणी लिहून आणाव्यात. जुन्या उकिरड्यांच्या जागा कोणत्या, गाड्या बैलाच्या होत्या तेव्हा रस्ता कुठून जायचा, खत कोण विकत घ्यायचे, पगार किती होता. पुढच्या बैठकीला तेवढे जमले तरी पुष्कळ झाले.